गोकुळपेठच्या मावशींस, सुरण आणि शिंगाड्यांबद्दल

आदरणीय मावशी,

सा. न. वि. वि.

गोकुळपेठच्या बाजारात तुमची पथारी नेमकी कुठे असते हे मी या पत्रात लिहिणार नाही, कारण ते वाचून गर्दी झाली तर आमच्या वाटणीचे शिंगाडे जातील. पत्र मात्र उघडच लिहितो आहे. ज्यांच्या घरी आमच्यासारखे पथ्याचे मूल आहे, त्यांना तुम्ही मला सांगितलेल्या गोष्टी कळाव्यात हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की समोरासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही ‘पिशवी धरा नीट’ म्हणून विषय संपवता. नातवाकडून वाचून घ्या. तो जवळ असेल तेव्हा तरी तुम्हाला शेवटपर्यंत ऐकावे लागेल.

आमच्या धाकटीला सिलिॲक असल्याचे निदान गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास झाले, तेव्हा ती सहा वर्षांची होती. गहू आणि जव यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे अशा माणसाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, खाल्लेले अंगी लागत नाही, आणि उपाय म्हणाल तर ते पदार्थ जन्मभर वर्ज्य करणे एवढाच आहे. डॉक्टरांनी दिलेली यादी सरळ होती: पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, दलिया, बिस्किटे बंद. यादीत नसलेले धडे आम्हाला नंतर मिळाले. डबीतल्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे आम्हाला रोजच्या वरणाने शिकवले, आणि जिच्यासाठी धाकटी हट्ट धरायची त्या सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबीर भरलेल्या वडीच्या, पारीत मैदा असतो हे तिला समजावून सांगण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

त्यात तिचे खाणे आधीच नखऱ्याचे. ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला चालत नाही, बुळबुळीत काही तोंडात गेले की ते तसेच बाहेर येते, आणि भाकरीचा तुकडा ती गालात धरून अर्धा तास बसू शकते. (विदर्भात जन्मून ज्वारीची भाकरी न खाणारी नात ही माझ्या आईच्या मते मूळ आजारापेक्षा मोठी आपत्ती आहे.) त्यामुळे भात आणि आलू या दोनच गोष्टींवर आम्ही जवळजवळ तीन महिने काढले. सकाळी आलूच्या काचऱ्या, डब्यात आलू, रात्री आलूभात. तिचे पोट साफ होईना, आहारतज्ज्ञ बाईंनी ताटात बदल हवा म्हणून दोनदा बजावले, आणि मग एका सकाळी तिने काचऱ्यांची वाटीही दूर सारली. आता द्यायचे तरी काय, या विवंचनेत मी त्या शनिवारी तुमच्यासमोर उभा राहिलो होतो.

‘काय देऊ?’ या तुमच्या साध्या प्रश्नावर मी भाजीचे नाव घेण्याऐवजी पोरीला काय काय चालत नाही याचा पाढा वाचू लागलो. तुम्ही मेथीच्या जुड्या लावता लावता सगळे ऐकून घेतलेत आणि म्हणालात, ‘म्हंजे पोरीले रोजचीच एकादशी हाय म्हना की.’ मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत त्या वाक्याने माझी झोप उडवली होती. ग्लूटेनमुक्त पिठांची महागडी पाकिटे शोधत मी अर्धे नागपूर पालथे घातले होते, आणि भगर, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, रताळे, सुरण ही सगळी मंडळी आमच्याच घरच्या उपवासाच्या फळीवर बसून होती. उपवासाचे नियम करणाऱ्यांना ग्लूटेन ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी धान्य वर्ज्य केले आणि त्यात गहू आपोआप गेला.

त्याहून मोलाचा तुमचा दुसरा प्रश्न होता. तोवर भेटलेल्या प्रत्येकाने, आम्ही दोघांनीसुद्धा, पोर काय खात नाही हेच विचारले होते. तुम्ही विचारलेत, ‘आलू खात होती ना, मंग कसा खात होती?’ मी सांगितले की काचऱ्याच, त्याही पातळ, तव्यावर कडा तांबूस झालेल्या. उकडलेला आलू तिने कधीच खाल्ला नाही आणि भातातला ती वेचून बाजूला ठेवते. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘मंग तिले आलू नाई आवडत, कुरकुरीत आवडते,’ आणि सुरणाच्या गड्ड्यावर सुरी चालवून एक फाक माझ्या हातात दिलीत.

त्या पहिल्या सुरणाची जी दशा झाली तिचा दोष सर्वस्वी माझा आहे. ‘चिंच लावा’ असे तुम्ही बजावले होते, ते मी विसरलो. कोरड्या हातांनी सोलल्यामुळे माझे हात कोपरापर्यंत खाजले, आणि धाकटीने एक काचरी खाऊन ‘जीभ टोचते’ म्हणून जी मान फिरवली ती पुढचे तीन आठवडे. टोचते हा तिचा शब्द अगदी नेमका निघाला, कारण सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते खरोखरच टोचतात. तुम्ही रागावला नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून सांगितलेत. आता आमच्या घरी सुरण करायचे ते तुमच्या सांगण्याबरहुकूम होते: हाताला तेल लावून जाड साल काढायची, बोटभर रुंद आणि अगदी पातळ काप करायचे, चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचे, नव्या चिंचेच्या पाण्यात नरम होईस्तोवर उकळायचे, फडक्यावर पसरून कोरडे करायचे, आणि मग लोखंडी तव्यावर शेंगदाण्याच्या तेलात मंद आचेवर सोडायचे. हा तवा वेगळा घेतला आहे, त्याला पोळी कधी लागत नाही. उलटताना चर्र आवाज यायला हवा. धाकटी तो आवाज ओट्याशी उभी राहून ऐकते, आणि कडा तांबूस झाली की ‘आता’ म्हणते.

कच्च्या केळ्याचे मात्र पहिल्याच दिवशी जमले. सालीसकट उकडून, किसून, त्यात जिरे, सैंधव आणि चमचाभर शिंगाड्याचे पीठ घालून चपट्या टिक्क्या केल्या. तिने चार खाल्ल्या आणि हा कोणता आलू म्हणून विचारले. या निमित्ताने वाचनात आले ते तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. 1924 साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास या बालरोगतज्ज्ञांनी अशाच आजाराच्या मुलांना केळ्यांच्या आहारावर ठेवले होते, अर्थात पिकलेल्या, आणि मुले सुधारली तेव्हा सारे श्रेय केळ्यांना मिळाले. खरा गुण केळ्याचा नसून पानातून पाव गेल्याचा होता. गहूच घात करतो, ही गोष्ट हॉलंडचे विलेम डिके यांनी 1950 च्या आपल्या प्रबंधात मांडली.

रताळ्याबद्दल फार लिहीत नाही. ते गोड असल्यामुळे तिने त्याला खाऊच्या खात्यात टाकून आनंदाने स्वीकारले. तुम्ही जिला कोचई म्हणता त्या अरवीपुढे आम्ही हात टेकले आहेत. कितीही कुरकुरीत केली तरी आतली तार तिला सापडतेच.

शिंगाड्यांविषयी मात्र लिहायला हवे. दिवाळीनंतर भंडाऱ्याकडच्या तळ्यांतले शिंगाडे येऊ लागले की तुम्ही उकडलेल्यांतले निवडक अर्धा किलो गोणपाटाखाली झाकून ठेवता आणि इतर गिऱ्हाइकांना ‘संपले’ म्हणून सांगता, हे मी दोनदा पाहिले आहे. ते काळे टणक साल दाताने फोडून आतला पांढरा गर काढणे हा धाकटीला खेळ वाटतो, आणि खेळात पोटात काय जाते याकडे तिचे लक्ष नसते. पिठाबाबतचा इशाराही तुमचाच. सुटे शिंगाड्याचे पीठ ज्या गिरणीत दळतात तिथेच आधी गहू दळलेला असतो, तेव्हा वाळलेले अख्खे शिंगाडे घेऊन घरीच मिक्सरवर बारीक करा, असे तुम्ही म्हणाला होतात. आहारतज्ज्ञ बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते वहीत टिपून घेतले. पाकिटावर ग्लूटेनमुक्त असे छापायचे तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे किलोमागे ग्लूटेन 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या गिरणीच्या दगडाला गव्हाचे जे पीठ चिकटलेले असते, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

बाईंनी एक अट घातली, तीही तुमच्या कानावर घालतो. कंदमुळांनी पोट भरते, पण ती डाळीचे काम करत नाहीत. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. म्हणून काचऱ्यांसोबत दाण्याची चटणी आणि दही, आणि दोन्ही वेळा वरण, बिनहिंगाचे. एवढे सांभाळले. निदान झाले तेव्हा धाकटीचे वजन साडेसोळा किलो होते, गेल्या महिन्यात वीस भरले. रक्ताच्या तपासणीतला जो आकडा खाली यायला हवा होता तो खाली आला आहे, आणि पोटाची तक्रार गेली आहे. आलूही ती पुन्हा खाऊ लागली, आठवड्यातून दोनदा, स्वतः मागून.

येत्या शनिवारी ती माझ्यासोबत बाजारात येणार आहे. सुरणाचा गड्डा कोणता घ्यायचा हे तिला स्वतः ठरवायचे आहे, तेव्हा दोन-तीन बाजूला काढून ठेवावेत ही विनंती. मागच्या खेपेला सुटे नव्हते म्हणून तुमचे अठरा रुपये माझ्याकडे राहिले आहेत, आणि वर टाकलेल्या सांबाराच्या जुडीचे पैसे तुम्ही लावलेच नव्हते. दोन्ही घेऊन येतो; या वेळी नाही म्हणू नका.

आपला नम्र,
धाकटीचे बाबा
नागपूर