कार्डाचं बिल नवरा-बायकोनं मिळून उघडावं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गणपतीपासून दिवाळीपर्यंत आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर मोबाईल, टीव्ही, फ्रीजच्या मोठ्या जाहिराती असतात आणि खाली अमुक कार्डावर १० टक्के इन्स्टंट डिस्काउंट, नो कॉस्ट ईएमआय असं लिहिलेलं असतं. जाहिरातींबद्दल माझी तक्रार नाही, पेपर चालवायचा तर त्या लागणारच. पण त्या खरेदीनंतर चार-सहा महिन्यांनी घरात काय होतंय ते मी टेबलाच्या अलीकडे बसून बघते, म्हणून हे पत्र. मी इथल्याच एका पगारदारांच्या पतसंस्थेत कर्ज विभागात काम करते. पूर्वी अर्जावर कर्जाचं कारण म्हणून घरदुरुस्ती, लग्न, मुलांची फी एवढंच असायचं, आता क्रेडिट कार्ड भागवायचंय हे कारण सारखं यायला लागलंय.

आणि येणारा बहुतेक वेळा एकटाच येतो. वहिनींना माहिती आहे का विचारलं की गप्प बसतो, नाहीतर म्हणतो मॅडम घरी फोन करू नका. बायकांचंही तसंच आहे, नवऱ्याला न सांगता घेतलेल्या कार्डावर मुलांच्या क्लासची फी, माहेरचं आजारपण असं साठत गेलेलं असतं. चैन केली म्हणून अडकलेली माणसं मला तरी कमी दिसली. दवाखाना, महापुराच्या वर्षी खराब झालेलं सामान, एमआयडीसीत ओव्हरटाईम बंद झाला ते दोन महिने, अशीच कारणं जास्त असतात बघा.

लोक "मिनिमम भरतोय की दर महिन्याला" म्हणतात तिथं खरी अडचण आहे. मिनिमम म्हणजे त्या महिन्यात किमान भरायची म्हणून बिलावर छापलेली रक्कम. साधा हिशोब सांगते. एक लाख थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, झाले ४,१३०. मिनिमम ५ टक्के म्हणून ५,००० भरले तर मूळ रकमेतले गेले फक्त ८७० रुपये! वर मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत, आज किराणा घेतला तर आजपासून व्याज चालू, हे तर दहातल्या आठ जणांना मी सांगेपर्यंत माहीत नसतं. आता तेच एक लाख, महिन्याला १०,००० भरायचे ठरवले आणि कार्डावर नवीन काही घेतलं नाही तर साधारण १३-१४ महिने लागतात आणि एकूण जातात १ लाख ३० हजारांच्या आसपास. तीच रक्कम वर्षाला १४ टक्क्यांच्या कर्जातून फिरवली आणि तेवढाच हप्ता ठेवला तर ११ महिन्यांत सुटतंय, एकूण १ लाख ७ हजारांच्या आत-बाहेर. म्हणजे तेवीस-चोवीस हजार वाचले, नुसती कर्जाची जागा बदलून.

व्याजावर सरकार काहीतरी लगाम घालेल या आशेवर कुणी राहू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा हिशोब आपल्यालाच घालायचाय, आणि एकट्यानं तो घालता येत नाही हे माझं ठाम मत आहे कारण पैसा घराचा असतो, एकानं हप्ता भरायचा ठरवला आणि दुसऱ्याला काही माहितीच नाही म्हणून त्यानं त्याच महिन्यात गावच्या जत्रेला पाहुण्यांचं सगळं आपल्याकडं घेतलं, की गेला हप्ता, आणि त्याच्यावर चिडायचं तरी कुठल्या तोंडानं.

मागच्या वर्षी एक जोडपं आलं होतं, तो शिरोलीला फाउंड्रीत, ती खासगी शाळेत शिक्षिका. त्याची दोन कार्डं, तिचं एक. मी दोघांनाही सगळी स्टेटमेंट काढून आणायला लावली, बाकी, व्याजदर, शेवटची तारीख असं एका वहीच्या पानावर लिहिलं, तेव्हा तिला पहिल्यांदा एकूण आकडा कळला. अर्धा तास ती काही बोलली नाही. नंतर तिनंच विचारलं की भिशी पुढच्या महिन्यात उचलता येईल, ती कुठल्या कार्डात घालू? पुस्तकी हिशोबानं जास्त व्याजाचं कार्ड आधी, पण त्यांच्या तिन्ही कार्डांच्या व्याजात फारसा फरक नव्हता म्हणून मी सर्वात छोटी बाकी आधी संपवायला सांगितली, एक कार्ड बंद झालेलं दोघांनी डोळ्यांनी बघितलं की पुढचे महिने जड जात नाहीत. राहिलेल्यासाठी संस्थेचं कर्ज, चेक थेट कार्डाच्या खात्यावर. सोनं गहाण टाकायचं का हेही निघालं, गोल्ड लोनचं व्याज कार्डापेक्षा खूपच कमी असतं हे खरं, पण दागिने तिचे आहेत, तो निर्णय तिचा, नवऱ्यानं किंवा सासूनं तो घेऊ नये एवढं मी स्पष्ट बोलले. नऊ-दहा महिन्यांत ते मोकळे झाले.

काही गोष्टी वाचकांना माहीत असाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे बाकी शून्य असेल तर अर्ज दिल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करून द्यावं लागतं, नाही केलं तर रोजचे ५०० रुपये दंड ग्राहकाला. बिलाची तारीख किमान एकदा बदलून मागता येते, ती दोघांच्या पगारानंतरची करून घ्या. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही. नवऱ्याच्या कार्डासाठी बायकोच्या शाळेत फोन करणारे महाभाग मी ऐकलेत, हे नियमात बसत नाही, लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. आणि कमी पैशात सेटलमेंट करतो म्हणून फोन आला तर लगेच हो म्हणू नका, सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असा शेरा पडतो आणि पुढं घरकर्जाच्या वेळी तो नडतो. अॅड-ऑन कार्ड, म्हणजे मूळ कार्डाला जोडून घरच्यांच्या नावानं घेतलेलं कार्ड, बायकोच्या हातात असलं तरी देणं मूळ कार्डवाल्याचंच असतं, हेही दोघांना माहीत पाहिजे.

आमच्यासारख्या पतसंस्थांकडंही माझं मागणं आहे. कोल्हापुरात गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यांनी कार्ड भागवण्यासाठी वेगळं कर्ज ठेवावं, पैसे सभासदाच्या हातात न देता कार्डाच्या खात्यावर भरावेत, आणि लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला समोर बसवून हिशोब समजावल्याशिवाय मंजुरी देऊ नये. काही संचालकांना ही दुसऱ्याच्या संसारात ढवळाढवळ वाटते. मला नाही वाटत, जामीनदार म्हणून मित्राला बोलावतोच की आपण, मग बायकोला बोलवायला काय हरकत आहे?

बँकांनी स्टेटमेंट मराठीतून द्यावं. फक्त मिनिमम भरत राहिलात तर कर्ज फेडायला महिने-वर्षं जातील असा इशारा बिलावर छापणं बंधनकारक आहे, पण तो इंग्रजीत आणि बारीक अक्षरात असतो, घरातल्या कितीजणांना तो वाचता येतो? आणि आपल्याला विनंती, येत्या सणाच्या पुरवणीत कार्ड ऑफरची जाहिरात जिथं असेल त्याच पानावर एक चौकट द्या, एक लाखाच्या बाकीवर महिन्याचं व्याज किती, मिनिमम भरून मूळ रक्कम किती कमी होते, एवढंच. हिशोब करून पाठवायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर