‘फुल्ली रिनोव्हेटेड’ घराची परवानगी कुठाय?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जुन्या घरांच्या जाहिरातीत हल्ली ‘फुल्ली रिनोव्हेटेड’ हे सर्रास दिसतं आणि घेणारे त्याचे जास्त पैसे पण मोजतात, पण हे काम परवानगी काढून केलं होतं का असं विचारणारा क्वचितच भेटतो. टाइल्स, किचन आणि लाइटिंग बघून टोकन दिलं जातं याची खरंच काळजी वाटते.

हॉल मोठा करायला मधली भिंत काढलेली असते. ती नुसतं पार्टिशन असेल तर एक वेळ ठीक, पण बरीच जुनी घरं लोड बेअरिंगची असतात, म्हणजे कॉलम नसतातच, वरचा सगळा भार भिंतींवर. अशी भिंत काढली तर बीम टाकला का, टाकला तर त्याचं डिझाइन कोणत्या इंजिनिअरने केलं, कागद कुठाय? दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात त्यावरून अंदाज येतो, पण पुट्टी आणि फॉल्स सिलिंग झाल्यावर त्या दिसणार कशा? बाल्कनीचंही तेच, ती एकाच बाजूने धरलेली असते, तिच्या कडेला विटांची भिंत बांधून खोलीत घेतली की डिझाइनमध्ये न धरलेलं वजन नेमकं टोकाला येतं. गच्चीवर नंतर बांधलेली टाकी तर बघाच. घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून करतात आणि एक मीटर उंच पाणी म्हणजे तेवढ्याच जागेत १००० किलो.

वायरिंगमध्ये पण बोर्ड नवा आणि भिंतीत वायर जुनीच, अर्थिंगचा पत्ता नाही, त्यावर एसी आणि गीझर. बाथरूमची खिडकी बुजवून आत गॅस गीझर लावलेला असेल तर ते सरळ जिवावर बेतणारं आहे, गॅस जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

आणि काम जुन्या मालकाने केलं असलं तरी नोटीस सहसा आज घर ज्याच्या नावावर आहे त्यालाच येते. मग दंड भरा, नियमात बसत नसेल तर स्वतःच्या खर्चाने पाडा, बँक लोनला अडवते, इन्शुरन्सवाले क्लेम नाकारू शकतात. “सगळेच करतात हो” म्हणणारा एजंट तेव्हा फोन पण उचलत नाही.

म्हणून टोकनच्या आधी मंजूर नकाशाची कॉपी मागा, टेप घेऊन खोली न् खोली त्याच्याशी ताडून बघा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. फरक निघाला तर विकणाऱ्याकडून आधी रेग्युलराइज, म्हणजे रीतसर मंजूर करून घ्या, नंतर करू म्हटलेलं राहूनच जातं.

आपल्याला एक विनंती, अशी जाहिरात घेताना कामाला परवानगी आहे का हे विचारावं आणि ते उत्तर जाहिरातीतच छापावं.

आपला,
एक वाचक