सेतोच्या मुलाविषयी मुकुंदास पत्र

नागोया,
7 जुलै 2024

प्रिय मित्र मुकुंद यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून तीन आठवडे होत आले. चि. ओंकार स्पर्धेत जिंकत आलेला डाव हरला, पटासमोरच हुंदके देऊन रडू लागला, आणि चारचौघांत तुला अवघडल्यासारखे झाले, असे तू लिहिले आहेस. इतक्या हळव्या मुलाला बुद्धिबळात पुढे ढकलावे की वेळीच थांबवावे, हा तुझा प्रश्न वाचल्या दिवशीच मी उत्तर लिहायला बसलो होतो. पण नेमक्या त्याच दिवसांत इथे असे काही घडत होते की, ते पुरते पाहिल्याशिवाय तुला लिहू नये असे वाटले. गोष्ट जपानच्या शोगी या खेळातल्या सोता फुजिई या तरुण खेळाडूची आहे.

आपले बुद्धिबळ आणि जपानची शोगी या एकाच चतुरंगाच्या दूरदेशी वाढलेल्या लेकी. शोगीचा पट नऊ बाय नऊ घरांचा असतो आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस सोंगट्या असतात. मात्र मारलेली सोंगटी इथे खेळातून बाद होत नाही. ती मारणाऱ्याच्या हाती जाते आणि त्याला हवी तेव्हा, हव्या त्या मोकळ्या घरात, थोडेच नियम पाळून, स्वतःची म्हणून उतरवता येते. त्यामुळे पट कधी रिकामा होत नाही, डाव क्वचितच बरोबरीत सुटतो आणि कोणीतरी हरतोच. हरणाऱ्याने काय करायचे हेही ठरलेले आहे. त्याने मान लवून स्वतःच्या तोंडाने ‘माकेमाशिता’, म्हणजे ‘मी हरलो’, असे म्हणायचे. त्यानंतर दोघेही उठून जात नाहीत. तोच डाव पुन्हा मांडून कुठे काय चुकले याची चर्चा करत बसतात. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला फार क्रूर वाटले होते. आता तसे वाटत नाही.

फुजिईचा जन्म 19 जुलै 2002 चा, गाव सेतो. आमच्या नागोयाहून लोकल गाडीने जाता येते. मातीच्या भांड्यांसाठी हे गाव इतके प्रसिद्ध आहे की, जपानी भाषेत अशा भांड्यांना ‘सेतोमोनो’ हाच शब्द रूढ झाला. पाच वर्षांच्या नातवाला आजीने मुलांसाठीचा शोगीचा संच आणून दिला. त्यातल्या सोंगट्यांवर त्या कुठे चालतात हे दाखवणारे बाण काढलेले असतात. त्यानंतर हा मुलगा पटापासून हलला नाही.

आता तुझ्या प्रश्नाशी ज्याचा थेट संबंध आहे, ते सांगतो. 2010 साली नागोयात एका कार्यक्रमात नामवंत खेळाडू मुलांशी डाव खेळत होते. आठ वर्षांच्या सोतासमोर कोजी तानिगावा होते. 1983 साली, वयाच्या 21 वर्षे 2 महिन्यांत, ‘मेईजिन’ हा शोगीतला सर्वांत जुना मान मिळवणारे ते तोवरचे सर्वांत तरुण खेळाडू. आपला हत्ती आणि उंट आधीच काढून ठेवून ते खेळत होते, तरी मुलाची बाजू पडत चालली होती. वेळ संपत आल्यावर त्यांनी मायेने सुचवले, ‘डाव बरोबरीत सोडवू या का?’ त्यासरशी सोताने पटावर अंग टाकले आणि तो हमसून हमसून रडू लागला. अखेर आईने येऊन त्याला पटावरून ओढून काढले. एवढ्या मोठ्या माणसाने देऊ केलेली बरोबरी त्याला दया वाटली असावी, असे मला वाटते.

पुढे 2012 च्या जानेवारीत, तिसरीतल्या मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, उपांत्य फेरीत ताकुमी इतो नावाच्या त्याच्याच वयाच्या मुलाने त्याला हरवले, आणि तेव्हाही तो मोठ्याने रडला. हे इतो नाव लक्षात ठेव.

त्याच वर्षी, दहा वर्षांचा असताना, मासाताका सुगिमोतो यांचा शिष्य म्हणून तो व्यावसायिकांच्या प्रशिक्षण संस्थेत, ‘शोरेइकाई’त, दाखल झाला. तिथे सव्विसाव्या वर्षापर्यंत चौथ्या ‘दान’ला, म्हणजे व्यावसायिकाच्या दर्जाला, न पोचलेल्यांना सहसा बाहेर पडावे लागते, कित्येकांचे तारुण्य तिथेच संपते. हा मात्र 1 ऑक्टोबर 2016 रोजी, वयाच्या 14 वर्षे 2 महिन्यांत, इतिहासातला सर्वांत लहान व्यावसायिक झाला. हिफुमी कातो यांचा 1954 सालचा विक्रम त्याने मोडला आणि योगायोग असा की, 24 डिसेंबरचा त्याचा पहिला अधिकृत डाव त्याच कातोंशी पडला. एका बाजूला चौदा वर्षांचा मुलगा, दुसऱ्या बाजूला 76 वर्षांचे आजोबा. तो डाव त्याने जिंकला आणि त्यानंतर 26 जून 2017 पर्यंत एकही हरला नाही. सलग 29 विजयांचा तो नवा विक्रम होता.

पुढचे सगळे विक्रम लिहीत बसलो तर कागद पुरणार नाही. पण 2020 चा ‘किसेई’ किताबाचा सामना सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या डावात, अकिरा वातानाबे यांच्याविरुद्ध, त्याने हातातली ‘रौप्य सेनापती’ ही सोंगटी स्वतःच्याच घरात, नुसत्या बचावासाठी, उतरवली. पाहणाऱ्यांना ती चाल कळेना. एका बलाढ्य संगणक-कार्यक्रमाने साठ कोटी स्थिती तपासल्यावर तीच चाल सर्वोत्तम ठरवली. मुलाने ती तेवीस मिनिटे की तासभर, किती वेळ घेऊन शोधली यापेक्षा ती शोधली हेच मला मोठे वाटते. 17 वर्षे 11 महिन्यांचा हा मुलगा सर्वांत तरुण किताबधारक झाला. सुगिमोतो यांचे गुरू सुसुमु इताया 1988 साली अवघ्या 47 व्या वर्षी वारले. एखादा किताब आमच्या या तोकाई भागात यावा, ही त्यांची अखेरपर्यंतची इच्छा होती. ती 32 वर्षांनी शिष्याच्या शिष्याने पुरी केली. आपल्याकडच्या घराण्यांत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

1 जून 2023 रोजी तो मेईजिन झाला, 20 वर्षे 10 महिन्यांचा असताना. म्हणजे ज्या तानिगावांसमोर तो पटावर कोसळून रडला होता, त्यांचाच चाळीस वर्षांचा विक्रम त्याने मोडला. ऑक्टोबरमध्ये ताकुया नागासे यांच्याकडून ‘ओझा’ किताब घेतला आणि शोगीचे आठही मुख्य किताब एकाच हाती आले. असे पूर्वी कधीच घडले नव्हते. तो शेवटचा डाव फुजिई हरत होता. हातघाईच्या वेळेत नागासेंची एक चाल चुकली, ती लक्षात येताच त्यांनी स्वतःचे केस विस्कटले. हे दोघे एरवी एकत्र सराव करणारे! त्यांची ती अवस्था पाहून मला आनंद करवेना.

आणि आता इतो. फुजिईनंतर चार वर्षांनी व्यावसायिक झालेला हा मुलगा मोठेपणी फुजिईकडून दोन किताबी सामन्यांत एकही डाव न जिंकता हरला होता. तरी तो तिसऱ्यांदा समोर बसला. गेल्या 20 जूनला, कोफू शहरात, पाचव्या आणि निर्णायक डावात त्याने फुजिईला हरवून ‘एइओ’ किताब नेला. तोवर फुजिई सलग 22 किताबी सामने जिंकला होता. आठही किताबांचे राज्य 254 दिवस टिकले. मी सगळे थेट पाहत होतो. फुजिईने मान लववली, हरल्याचे सांगितले आणि नंतर दोघे त्या डावावर बोलू लागले. हे कधीतरी होणारच होते, अशा अर्थाचे तो शांतपणे बोलला. तिसरीतला तो रडणारा मुलगा मला मात्र त्या क्षणीही त्याच्यात दिसत होता.

अकरा दिवसांनी, 1 जुलैला, इथेच नागोयाच्या बान्शोजी मंदिरात तो ताकायुकी यामासाकी यांच्यासमोर बसला, जिंकला आणि सलग पाचव्यांदा किसेई जिंकून या किताबाच्या आजीव मानाचा सर्वांत तरुण हक्कदार झाला. वय 21 वर्षे 11 महिने.

ओंकारला थांबवू नकोस, मुकुंदा. त्याने तो हरलेला डाव लिहून ठेवला असेलच. त्या चालींची प्रत मला पाठव, आणि कुठली चाल चुकली असे त्याला वाटते ते त्याच्याच अक्षरात खाली लिहायला सांग. बाणांच्या सोंगट्यांचा शोगीसंच मी त्याच्यासाठी घेऊन ठेवला आहे. गणपतीत येईन तेव्हा सोबत आणतो.

वहिनींना नमस्कार, ओंकारला आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर