ट्रंक रद्दीत देऊ नका

पुणे, खंडेनवमी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल दादाचा फोन आला होता. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक बाबांनी खाली काढायला लावली आणि "काय राहिलंय त्यात, रद्दीत घाला" म्हणाले, असं कळलं. बाबा, आपल्या गाड्यांच्या मालपावत्यांची ती बिल्टीबुकं देऊ नका. मी दिवाळीला येतेच आहे, तोवर ट्रंक आहे तशी राहू दे.

आज इथं सोसायटीत सगळे गाड्यांना झेंडूच्या माळा घालत होते आणि मला कोल्हापूरच्या शाहूपुरीतला आपला ट्रान्सपोर्टचा गाळा आठवत होता. एक टेबल, भिंतीला अंबाबाईचं कॅलेंडर, कोपऱ्यात रस्सी आणि ताडपत्रीची गुंडाळी. तो ताडपत्रीचा वास मला आजही कुठंही ओळखू येईल. शाळा सुटली की मी तिथंच यायची. बिल्टी लिहायच्या आधी बाबा, तुम्ही कार्बन हातानं सारखा करायचात, कारण खालची प्रत पुसट आली की माल घेणारा हुज्जत घालतो. पाठवणारा, घेणारा, नग, वजन, भाडं पेड, म्हणजे आधीच भरलेलं, की टू पे, म्हणजे घेणारा देणार. "नग मोजून लिही, ऐकून लिहू नको," हे तुमचं वाक्य. आता ऑडिटला कुठल्या गोदामात उभी राहिले की मी तेच करते.

मार्केट यार्डात गुळाचे सौदे झाले की गाडी लागायची. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप; नऊ टनाला तीनशे रवे. खाली भाताचं पिंजर अंथरायचं, वर दुहेरी ताडपत्री. मुंबईहून येताना शिरोलीच्या फाउंड्रीसाठी भंगार मिळालं तर बरं, नाहीतर परतीचं डिझेल आपल्याच अंगावर. पुण्याच्या वाटेवर खंबाटकी घाटात तेव्हा बोगदा नव्हता. पुण्यातून ड्रायव्हरचा फोन शेजारच्या दुकानात यायचा आणि मग तुम्ही घरी येऊन आधी आईला सांगायचात, "घाट उतरली गं गाडी." त्याशिवाय आई जेवायची नाही. आई, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तुझं झाकलेलं ताट मी बघायची.

आजोबांच्या वेळेपासून पेठेत आपल्याला हुंडेकरीच म्हणायचे. माल पोचेपर्यंत जोखीम आपली. त्याचा अर्थ मला त्या मे महिन्यात कळला. वळवानं वाटेत गाडी गाठली, ताडपत्री फाटली आणि वरच्या थरातला गूळ पाघळला. व्यापाऱ्यानं खराब मालाची किंमत तर कापलीच, वर सगळं भाडंही अडवलं. हा अन्याय होता आणि मला त्याचा अजून राग येतो. तुम्ही मात्र ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता ठरल्या दिवशी दिलात, त्यांना एक शब्दही लावला नाहीत. पाघळलेला गूळ पोत्यासकट घरी आला. आईनं तो कढवून डब्यांत भरला. त्या वर्षी आपल्याकडं चहापासून पोळीपर्यंत सगळं त्याच गुळाचं होतं, आणि आईनं शेजारीपाजारीही वाटला.

पुढं रस्ता चौपदरी झाला, दहा-बारा चाकी गाड्या आल्या, भाडं दलाल ठरवायला लागले. दोन गाड्यांच्या मालकाला हप्ते आणि टायर यांतून काही उरेना. आपल्या ओळीतले गाळे एकेक करून बंद झाले, शेवटी आपलाही. तुम्ही त्याला स्वतःची हार समजता, ते मला पटत नाही. गाडी विकली त्या दिवशी तुम्ही कुणाचंही देणं ठेवलं नव्हतंत.

त्या मे महिन्याचं बुक ट्रंकेत आहे, मी पाहिलंय. तुमच्या अक्षरात लिहिलंय : नग 300, पैकी 14 ओले. मागं आईच्या हातचा हिशोब, पेन्सिलीनं. ते पान मला हवंय. बाकीची बुकंही मी पुण्याला नेते. पण आधी दोन दुपारी तुम्ही माझ्याजवळ बसा आणि एकेक बिल्टी बघून सांगा, कुणाचा माल होता, गाडी कुठं थांबली होती, कुठल्या ढाब्यावर उधारी चालायची. मी लिहून घेईन. आई, तुझी खतावणीची लाल वहीही शोधून ठेव.

ट्रंकेत डांबरगोळ्या टाकायला दादाला सांगते. ती जमिनीवर ठेवू नका, ओल लागेल. बाबा, गुडघ्याचं तेल रोज लावताय ना?

तुमची,
चिमी