पूल काय पाखरानं पाडला का भो?

प्रिय भावड्या,

तू मागच्या फोनवर विचारलंस ना, तो मॉथमनवाला (मॉथमन म्हणजे अर्धा माणूस अर्धं पाखरू असं भूत) पिक्चर बघू का, वेळ वाया तर जाणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच टाकणार होतो पण टाइप करता करता अंगठा दुखायला लागला आणि सांगायचं अर्धंही झालं नव्हतं, म्हणून हे पत्र. आणि मी काय एकट्यानं नाही बघितला, मामांच्या मळ्यात यावलकडं भरीत पार्टी होती, पुतण्या कुठून तरी प्रोजेक्टर घेऊन आला, चुना मारलेल्या भिंतीवर लावला आणि हिंदीत डब केलेला मिळाला म्हणून मावशी पण बसली. आता तूच विचार कर, कळण्याची भाकरी आणि भरीत खाऊन टम्म झालेली पंधरावीस माणसं, थंडी, बाजूला केळीची बाग सळसळतेय, भुताचा पिक्चर बघायला याच्यापेक्षा बेस्ट थिएटर जळगावात पण नाही. पण संपल्यावर जी भांडणं झाली ती पिक्चरपेक्षा भारी होती, तीच सांगतो. शेवट फुटणार आहे, आधीच सांगून ठेवतो, तसंही तू पिक्चरचे शेवट विकिपीडियावर वाचूनच बसतोस.

स्टोरी थोडक्यात. 'द मॉथमन प्रॉफसीज', 2002 चा, रिचर्ड गिअर आहे. वॉशिंग्टनचा पत्रकार, बायको ब्रेन ट्यूमरनं जाते, जायच्या आधी वहीत काहीतरी काळं पंखवालं काढत बसते. दोनेक वर्षांनी हा रात्री गाडी घेऊन निघतो एकीकडं आणि पोचतो भलतीकडं, पॉइंट प्लेझंट नावाचं गाव, वेस्ट व्हर्जिनियात, ओहायो नदीच्या काठी. इतक्या लांब इतक्या कमी वेळात कसा आलो हे त्याचं त्यालाच कळत नाही.

इथंच मावशी ओरडली, "अरे हाऊ त चकवा शे!"

सगळे हसले, पण खरं सांगू का, मला एकदम पटलं. अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्या सीनवर काय काय लिहिलं असेल, मावशीनं एका शब्दात निकाल लावला. वर तिचा सल्ला पण तयार, चकवा लागला का जागीच बसून राहावं, उजाडेपर्यंत हलू नये, हा येडा उठून लोकांचे दरवाजे वाजवत का फिरतोय. पुढचे दोन तास हिरो जिकडं जाईल तिकडं मावशी त्याला बस म्हणत होती.

मग गावात लोकांना लाल डोळ्यांचं काहीतरी दिसतंय, फोनवर घोगरे आवाज येतायत, कुठं विमान पडणार ते आधी कळतंय, आणि शेवटी नदीवरचा पूल गाड्यांसकट कोसळतो. पोलीसवाली बाई असते तिला आधी स्वप्नात कुणीतरी म्हणालेलं असतं, उठ नंबर 37, आणि पुलावर मरतात 36. ती वाचते म्हणून 37 वी मेली नाही. हा हिशेब लागला तेव्हा मळ्यात खरंच कुणी बोललं नाही, हे मान्य करावं लागेल.

पुतण्याचं मत एकदम उलट. तो म्हणे काका दोन तास बसवलं आणि भूत दाखवलंच नाही, बजेट नव्हतं का. आता त्याचं पण चूक नाही, आजकालच्या पोरांना दर दहा मिनिटाला कुणीतरी आरशात दिसलं पाहिजे. मला उलट तेच आवडलं, काही दाखवत नाही. तो फोनवाला सीन बघ तू, हॉटेलच्या खोलीत हिरो फोनवरच्या आवाजाची परीक्षा घेतो, माझ्या हातात काय आहे सांग, आणि पलीकडनं ओठांना लावायच्या त्या कांडीचं नाव येतं, चॅपस्टिक. बस एवढंच. ना रक्त ना किंकाळी, पण मानेवरचे केस उभे राहिले भो. आणि ज्या माणसाची बायको गेलीय तो कुठल्याही आवाजाला हो म्हणायला तयार असतो, फोन वाजला की धावतो, हे गिअरनं फार चांगलं केलंय. पिक्चर खरं म्हणजे त्याच्या दुःखाचाच आहे, पाखरू निमित्ताला. एवढ्यावर सोडलं असतं तर मी तुला डोळे झाकून बघ म्हणालो असतो.

पण सुरुवातीला ते लिहिलेलं येतं ना, खऱ्या घटनांवरून म्हणून, मग आपल्या लोकांना खाज सुटते की खरं काय झालं. पुतण्यानं मोबाईल काढला आणि वाचत बसला मोठ्यानं, मग मी पण घरी येऊन रात्री दोन वाजेपर्यंत वाचलं. झालं होतं असं की 15 नोव्हेंबर 1966 ला रात्री दोन तरुण जोडपी गाडीतून गावाबाहेर चालली होती, तिथं दुसऱ्या महायुद्धातला बंद पडलेला दारूगोळ्याचा कारखाना आहे, लोक त्याला टीएनटी एरिया म्हणतात, तिथं त्यांना माणसाएवढं, पंखवालं, लाल डोळ्यांचं काहीतरी दिसलं. पेपरात आलं आणि मग रोज कुणाला ना कुणाला दिसायला लागलं. आपल्यात एक जण वरणगावचा होता, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते त्याचे, तो लगेच म्हणाला की दारूगोळ्याच्या जागेभोवती मोकळी जमीन सोडलेली असते, झाडोरा वाढतो, माणूस फिरकत नाही, तिथं घुबडं नाही राहणार तर कोण राहणार. आणि बघ, तिकडचे जाणकार पण तेच सांगतायत, कुणी म्हणतं मोठं घुबड असेल, रात्री बॅटरी मारली की डोळे लाल चमकतात, तर तिथल्या विद्यापीठातला एक प्राध्यापक तेव्हाच म्हणाला होता की वाट चुकलेला सँडहिल क्रेन असणार, म्हणजे उंच क्रौंच, त्याच्या डोळ्याजवळ लाल डागच असतो. हतनूरला थंडीत पाहुणे पक्षी बघायला जातो ना आपण, तिथं धुक्यात एखादा मोठा पक्षी एकदम अंगावरून उडाला की आपली पण फाटतेच, नाव माहीत असून.

मावशीला घुबड पचलं नाही. तिला मी चुकून दुसरी गोष्ट सांगून बसलो की त्याच गावात 1777 मध्ये कॉर्नस्टॉक नावाच्या शॉनी आदिवासी सरदाराला कैदेत असताना मारलं होतं आणि त्यानं मरताना शाप दिला अशी तिकडं दंतकथा आहे. झालं, मावशीची केस क्लोज. बोलवून मारला ना, मग पूल पडेलच.

आता मामांवर येतो. तुला माहितीय मामा भुसावळला रेल्वेत पुलांच्या खात्यात होते, सगळी नोकरी गर्डरवर चढण्यात गेली. पिक्चर चालू होता तोपर्यंत गप्प, तंबाखू मळत. शेवटी पडद्यावर पाटी येते की पूल का पडला याचं कारण पूर्णपणे कधी कळलंच नाही. मामा एकदम उठून बसले. "कळलं नाही म्हणजे? पूल पडतो आणि कारण कळत नाही असं कुठं असतं? लोखंड खोटं बोलत नाही." पुतण्याला म्हणाले काढ, त्यात काय लिहिलंय ते काढ.

आणि भावड्या, कारण सापडलंय रे. पार शेवटच्या मिलिमीटरपर्यंत.

सिल्व्हर ब्रिज नाव त्याचं, 1928 ला बांधलेला, चंदेरी रंग होता म्हणून सिल्व्हर. झुलता पूल, पण तारांच्या दोरखंडाऐवजी लांब पोलादी पट्ट्या, दोन्ही टोकांना भोक, पिन घालून एकीला एक जोडलेल्या, सायकलची चेन असते तशी. त्यांना आयबार म्हणतात, मामांना शब्द माहीत होता. घोळ असा की एका कडीत फक्त दोन पट्ट्या. चार असत्या तर एक तुटली तरी बाकीच्यांनी ओझं घेतलं असतं. इथं एका पट्टीच्या भोकाच्या आतल्या बाजूला गंज आणि ताण यानं बारीक चीर पडली, अडीच मिलिमीटरच्या आसपास खोल, आणि वरून गाड्या चाळीस वर्षांत वजनानं कुठल्या कुठं गेल्या. 15 डिसेंबर 1967, संध्याकाळी पाचचा सुमार, ख्रिसमसची खरेदी, टोकाला सिग्नल, पूल गाड्यांनी गच्च भरलेला. ती एक पट्टी तुटली आणि मिनिटभरात सगळा पूल नदीत. 46 माणसं गेली, दोघांची तर बॉडीसुद्धा मिळाली नाही. पिक्चरमध्ये 36 आहेत आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री पडतो, ते जाऊ दे, पिक्चर आहे.

मामांनी मग आम्हाला दाखवलं ते रिव्हेट, म्हणजे पुलाचं लोखंड जोडणारा ठोकलेला खिळा, कसा तपासायचे. एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूनं छोट्या हातोडीनं ठोका. ढिला असला की आवाज बसका येतो आणि बोटाला थरथर लागते. पाण्याच्या टाकीच्या पाइपावर ठोकून दाखवलं, ठोका मारताना डोळे मिटून घेतात, अजून सवय गेली नाही. मग मी वाचून दाखवलं की ती चीर जोड उघडल्याशिवाय दिसणंच शक्य नव्हतं, तर म्हणाले, "म्हंजे तिथला माणूस रोज चढला असता तरी सापडली नसती." आणि थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. भुतापेक्षा त्यांना हेच जास्त लागलं. नंतर म्हणे अशा जोडाचा पूल डिझाइनमध्येच नको करायला. तिकडं त्या अपघातानंतरच 1968 ला देशभरातल्या पुलांच्या नियमित तपासणीचा कायदा झाला, हे पण पिक्चरमध्ये नाही, असतं तर कोण बघेल म्हणा.

इथं एक गंमत. कुणीतरी महाडचा विषय काढला, सावित्री नदीवरचा, 2 ऑगस्ट 2016 ची रात्र, पुरात पूल गेला आणि दोन एसटी बस गेल्या, आठवतं ना. पुतण्या सर्च करून करून म्हणतो, काका, तो पण 1928 चा! मी खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. दोन्ही पूल एकाच साली बांधलेले, दोन्ही माणसांसकट गेले. अजून कुणीतरी तिथं त्या रात्री मोठं पाखरू बघितलं असतं तर आपल्याकडं पण पिक्चर तयार होता. मामा म्हणाले, 1928 च्या सुमाराचे पूल मोजायला बसलास तर जन्म जाईल, बाकीचे उभे आहेत त्यांची कुणी गोष्ट सांगत नाही. मला वाटतं मॉथमनचं पण हेच झालं असणार. पूल पडेपर्यंत ते नुसतं गावातलं एक विचित्र पाखरू होतं, पूल पडल्यावर लोकांनी मागं जाऊन जोडलं. जॉन कील म्हणून लेखकानं 1975 ला त्याच्यावर पुस्तक काढलं, त्यावरून हा पिक्चर. पिक्चरमधल्या म्हाताऱ्या तज्ज्ञाचं नाव लीक ठेवलंय, कील उलटं वाच.

वहिनीचं मत सगळ्यात कडक. ती धडगावकडं नर्स होती काही वर्षं. पुतण्या म्हणाला ना, पिक्चरच आहे, लोकांनी मानलं तर कुणाचं काय बिघडतं, तेव्हा ती भांडी गोळा करता करता थांबली. म्हणाली सातपुड्यात पोर आजारी पडलं, जनावर मेलं की कारण कुणी शोधत नाही, एखादी बाई शोधतात, डाकीण म्हणून. 2013 ला जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी ते लगेच थांबलंय असं नाही. तुमच्या त्या गावात निदान पाखरावर आळ घेतला, पाखराला काय फरक पडतो. मावशी काहीतरी म्हणणार होती पण गप्प बसली.

आता तू म्हणशील तुझं काय ते सांग. माझं असं की पिक्चर बघच, रात्री बघ, एकटा बघ, घाबरवायचं काम तो व्यवस्थित करतो. गोष्ट रचायचा त्यांना हक्क आहे, पूल भुतानं पाडला दाखवा, माझी काही तक्रार नाही. पण ती शेवटची पाटी मला खटकली, कारण ती गोष्टीच्या बाहेर येऊन बोलते, बातमीसारखी. 46 घरांना माहितीय आपली माणसं का गेली, इंजिनिअरांनी नदीतून लोखंड बाहेर काढून जुळवून ती पट्टी शोधली, आणि तुम्ही थंडपणे लिहिता की कळलं नाही. पुतण्या म्हणतो काका तुम्ही उगाच इमोशनल होता, ती पाटी नसती तर शेवट फिका पडला असता. त्या गावाला तरी कुठं तक्रार आहे म्हणे, पिक्चर आला त्याच वर्षी तिथं मॉथमनचा उत्सव सुरू झाला, 2003 ला चौकात बारा फुटी पुतळा बसवला, म्युझियम आहे, लोक लांबून येतात. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुला सुचलं तर कळव, त्याला फॉरवर्ड करतो.

बाकी मजेत. केळीला यंदा भाव बरा आहे, आईचा गुडघा तसाच.

तुझाच,
भुसावळकर

ता. क. : मामांना त्या सिल्व्हर ब्रिजचा सरकारी चौकशी अहवाल पाहिजे, नेटवर आहे पण मोबाईलवर त्यांना वाचवत नाही. तुझ्या ऑफिसात प्रिंट निघत असेल तर मोठ्या अक्षरात काढून पाठव, आकृत्यांची पानं तर नक्कीच. इंग्रजीचं मी बघून घेतो.