मस्कोकाला गेलात तर ग्रेव्हनहर्स्टला उतरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला कॅनडाच्या सहलीवरचा लेख वाचला. नायगारा, सीएन टॉवर, थाउजंड आयलंड्स, संपला कॅनडा. टोरांटोच्या उत्तरेला दोन तासांवर मस्कोका हा तळ्यांचा मुलूख आहे. त्याची बोळवण लेखकाने ‘श्रीमंतांची कॉटेजेस’ एवढ्यावर केली आहे. म्हणून हे पत्र.

मी सोलापूरचा, टपाल खात्यातून निवृत्त. मागच्या जुलैत मिसिसागाला मुलीकडे होतो. जावयांनी मस्कोकात आठवड्यासाठी कॉटेज घेतलं. दोन दिवस तळ्यात पाय सोडून बसलो, डास मारले. तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि नातवाच्या हातातला फोन सुटावा म्हणून आम्ही गाडी काढून गावागावांतली म्युझियमं बघत सुटलो. मोठ्या नावाची एकही इमारत नाही. कुठे जुनं घर, कुठे लाकडी खोपटं, कुठे धक्क्याला लागलेली बोट.

हंट्सव्हिलला मस्कोका हेरिटेज प्लेसमध्ये पहिल्या वसाहतवाल्यांची ओंडक्यांची घरं मांडून ठेवली आहेत. 1868 च्या कायद्याने सरकारने इथे येणाऱ्याला शंभर एकर जमीन फुकट दिली. फुकट का, ते नांगर घातल्यावर कळलं. वीतभर मातीखाली नुसता खडक! शेती पिकली नाही, लोक लाकूडतोडीला लागले. 1875 ला इथल्या ग्रेव्हनहर्स्ट गावापर्यंत रेल्वे आली आणि शहरातली माणसं हवा खायला येऊ लागली. कॉटेजांची श्रीमंती ही अशी नापिकीतून आलेली आहे.

तिथेच पोर्टेज फ्लायर ही चिमुकली आगगाडी चालते. 1905 ते 1959 ती दोन तळ्यांमधल्या जेमतेम पावणेदोन-दोन किलोमीटरच्या पट्टीवर बोटीचे उतारू पलीकडच्या बोटीपर्यंत पोचवायची. तिच्यापुढे आमची जुनी नॅरोगेज बार्शी लाईट म्हणजे राजधानी एक्स्प्रेस.

ग्रेव्हनहर्स्टच्या धक्क्यावर ‘सेग्वन’ ही कोळशावरची आगबोट आहे. सांगाडा 1887 चा, 1925 साली नव्याने बांधून हे नाव दिलं. 1958 नंतर बरीच वर्षं पडून होती, 1981 पासून पुन्हा पाण्यावर. नावाआधी ‘आरएमएस’ बघून मी चमकलो. आमची आरएमएस म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस, तिच्या धावत्या डब्यात उभ्याने सॉर्टिंग करण्यात माझी नोकरी गेली. इथे ‘रॉयल मेल शिप’. रस्ते नव्हते तेव्हा धक्क्याधक्क्याला थांबून टपाल देत जायची. मी जावयांना म्हटलं, ही आमच्याच खात्यातली.

पोर्ट कार्लिंगचं म्युझियम बोटींच्या लॉकला, म्हणजे दारं लावून पाणी वर-खाली करून बोटी पलीकडे सोडतात त्या जागेला, लागूनच आहे. या गावात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अशा लाकडी होड्या बनायच्या, की पाणी उथळ लागलं तर पंखा वर ओढून पोटात घेता यायचा. नातू तिथून हलेना. इथे त्याआधी ओजिब्वे या मूळ रहिवाशांचं गाव होतं, हेही तिथे जाणाऱ्याने विसरू नये.

पण पत्र लिहायला बसलो ते एका घरासाठी. ग्रेव्हनहर्स्टमध्ये पाद्रीबाबांचं एक दुमजली लाकडी घर आहे. तिथे 1890 साली डॉ. नॉर्मन बेथून जन्मले. स्वतः क्षयातून उठलेला हा सर्जन. फासळी कापायच्या त्यांनी घडवलेल्या कातरीला आजही त्यांचं नाव आहे. स्पेनच्या यादवीत त्यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीत घालून आघाडीवर नेल्या. पुढे चीनमध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, विष भिनलं आणि नोव्हेंबर 1939 मध्ये ते गेले. चीनमधल्या त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे पहिले संचालक कोण? आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. दोघांची गाठ कधी पडली नाही. कोटणीस 1942 च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी गेले. आज चीनमधल्या शिजियाझुआंग शहरात दोघांच्या समाध्या एकाच आवारात आहेत.

हे मी नातवाला समजावत होतो. शेजारी एक चिनी म्हातारे गृहस्थ त्यांच्या कुटुंबाबरोबर होते. त्यांच्या सुनेने मला इंग्रजीत विचारलं, इंडिया? मी म्हटलं, हो, आणि कोटणीसांच्या गावचा. तिने सासऱ्यांना सांगितलं. ते एकदम म्हणाले, “के दिहुआ!” कोटणिसांचं चिनी नाव. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग सुनेमार्फत विचारलं, त्यांचं घर आहे का अजून?

आहे, म्हटलं. स्मारक आहे आता.

आत काय काय आहे?

संपादक महाराज, जन्म सोलापुरात गेला, त्या घरावरून सायकलने किती वेळा गेलो असेन, पण आत पाऊल टाकलेलं नव्हतं. काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नातू माझ्याकडे बघत होता.

तर पुढच्या वेळी कॅनडावर छापाल तेव्हा या गावांना चार ओळी द्या. बहुतेक म्युझियमं उन्हाळ्यातच उघडी असतात, त्यामुळे वेळा आधी बघून जा, असंही लिहा. आणि त्याच पानावर कोटणिसांच्या घराचा एक फोटो टाका. हवा असेल तर मी काढून पाठवतो. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथे गेलो होतो, आता वाट पाठ आहे.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर