दाभोळच्या चाचांस, घरगाडीकडून

ती. चाचांस,
सा. न. वि. वि.

पत्राला सात-आठ महिने उशीर झाला. तुमचा पुतण्या हे फोनवर वाचून दाखवेल तेव्हा तुम्ही आधी 'कोण ही?' असंच विचाराल. पांढरी ट्रॅव्हलर, मागच्या काचेला फुलाफुलांचे पडदे, जेटीच्या रांगेत आडवी बंद पडलेली. त्यातली बडबडी बाई म्हणजे मी.

नाव लिहीत नाही. 'नावबिव नको ताई, उद्या लोक गाड्या घेऊन दारात येतील,' असं तुम्हीच बजावलं होतं. तरीही पत्र सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे. आमच्यासारखी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची घरगाडी करून घेणारे आता बरेच दिसतात. कपाटांचा सनमायका निवडायला आम्ही तीन रविवार घालवले होते. वायरिंग कुठून कुठे जातंय हे बघायला तीन मिनिटंही नाही. बाकीच्यांचंही फार वेगळं नसावं.

गाडी एका कंपनीची स्टाफ बस होती. कारखान्यात नेऊन आतल्या सीटा काढल्या. दोन पलंग, ओटा, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, फ्रिज, छतावर सोलर पॅनेल. आरटीओतून बदलाची नोंद आरसी बुकावर करून घ्यायलाच इतके हेलपाटे झाले, की ती नोंद हातात पडल्यावर आम्हाला वाटलं, आता सगळं झालं. पहिली लांबची फेरी नाताळच्या सुट्टीत काढली. ताम्हिणी उतरून हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. हर्णैला मुलांनी हट्ट करून सुरमई घेतली. मार्गशीर्ष चालू, त्यामुळे सासूबाईंचं दूध फ्रिजच्या वरच्या कप्प्यात आणि सुरमई खाली, मध्ये स्टीलचं ताट. सीमा आखल्यासारखं.

२५ डिसेंबरच्या संध्याकाळी दाभोळच्या जेटीवर धोपाव्याला जाणाऱ्या गाड्यांची ही रांग. त्या जुन्या आदिलशाही मशिदीच्या अंगाला आम्ही दीड-दोन तास उभे होतो. इंजिन बंद, आत फ्रिज चालू, पंखा चालू, चार फोन चार्जिंगला. आम्ही निर्धास्त, कारण कारखानदाराने सांगितलं होतं, 'घरची बॅटरी वेगळी, गाडीची वेगळी, काळजीच नाही.' बोट लागली, रांग हलली, यांनी किल्ली फिरवली आणि नुसतं टक्. पुन्हा टक्. सेल्फ घेईना. मागून हॉर्न सुरू झाले. साडेतीन टनांचं धूड, धक्का तरी किती जण मारणार?

तुम्ही तेव्हा खाली एका लाँचवर काम करत होतात. हॉर्न ऐकून वर आलात, आमच्याकडे पाहिलंत, काही न बोलता परत गेलात. मला वाटलं, कंटाळून गेला माणूस. पाच मिनिटांनी खांद्यावर बोटीची बॅटरी आणि गळ्यात केबल घालून आलात. गाडी सुरू झाली. हे लगेच बोटीकडे वळवायला लागले तर तुम्ही दारात हात आडवा धरलात. 'बोटीवर चढून परत बंद पडलात तर पलीकडे कोण उतरवणार? बाजूला घ्या. आधी बघू.'

तेव्हा मी वैतागले होते, चाचा. ती बोट गेली, पुढची कधी मिळेल कोण जाणे, मुलं भुकेली. त्या वैतागाबद्दल माफ करा.

तुम्ही इंजिन बंद करायला लावलंत, पलंगाखालची फळी काढलीत आणि मल्टीमीटर वगैरे काही न काढता एका काळ्या डबीवर बोट ठेवलंत. मग माझा हात धरून त्यावर ठेवलात. कोमट होती. 'गाडी बंद आहे ना? मग ही गरम का?'

ती डबी म्हणजे रिले, विजेवर आपोआप जोडणारा-सोडवणारा स्विच. इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडायच्या, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर दोन्ही भरतात. इंजिन बंद झालं की सोडवायच्या. आमच्या रिलेची बारीक वायर ज्या ठिकाणी जोडली होती तिथे चोवीस तास करंट. म्हणजे रिले कधी सुटतच नव्हता. फ्रिजने घरची बॅटरी प्यायली आणि तिच्याबरोबर गाडीचीही. पंधरा हजार वेळा ऐकलेलं 'वेगळी' हे कधी वेगळं नव्हतंच. ती वायर तुम्ही इग्निशनवर, म्हणजे किल्ली फिरवली तरच करंट येतो तिथे घेतलीत. काम दहा मिनिटांचं. पण बोट ठेवून ओळखायला तुमची चाळीस वर्षं लागली असतील.

मग तुम्ही एक वायर सोलून दाखवलीत. आतलं तांबं काळं पडलेलं. 'ही घरात पंख्याला लावायची वायर. बाराचा करंट हिच्यात कोंबलाय.' मला कळलं नाही तसं तुम्ही लाँचच्या पत्र्यावर खडूने हिशेब मांडलात. साठ वॅटचा फ्रिज घरच्या २३० व्होल्टवर पाव अँपिअर ओढतो. १२ व्होल्टवर पाच. इन्व्हर्टरवर साडेसातशे वॅटचा मिक्सर लावला की बॅटरीतून साठच्या वर. काम तेवढंच, पण व्होल्ट कमी म्हणून करंट जास्त, म्हणून वायर जाड. बारावीपर्यंत विज्ञान शिकले, पण वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर हे मला कळलं ते त्या पत्र्यावर. फ्यूजही आमचे सगळे फ्रिज-पंख्याच्या तोंडाशी होते. तुम्ही ते बॅटरीच्या तोंडाशी आणलेत. 'फ्यूज वायर वाचवायला असतो ताई, फ्रिज वाचवायला नाही. मधे कुठे घासली वायर, तर?' ते 'तर' आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तिथेच वर मुलं झोपतात.

रात्री तुमच्या आवारात गाडी लावली. दुसऱ्या दिवशी २६ तारीख, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सासूबाई रडवेल्या, घट कसा मांडायचा, पाच झाडांच्या डहाळ्या कुठून आणायच्या. चाचींनी काही विचारलं नाही. सकाळी परसातून आंबा, पेरू, चिकू, जास्वंद आणि आणखी एक कसली तरी अशा पाच डहाळ्या आणि सोललेला नारळ, शेंडी ठेवून, ओट्यावर आणून ठेवला. शेंडी ठेवायची हे त्यांना कुणी सांगितलं? सासूबाईंनी गाडीच्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी घट मांडला आणि कथा वाचली. चाची दाराच्या पायरीवर बसून ऐकत होत्या. संध्याकाळी त्यांनी मुलांना तांदळाच्या भाकऱ्या आणि आमच्याच सुरमईचं कालवण वाढलं, आपल्या घरात, आमच्या ओट्यापासून लांब. हे पत्र चाचींनाही आहे, त्यांना तसं सांगा.

त्या दिवसभरात तुम्ही एकही वायर यांना जोडू दिली नाहीत. मला बसवलंत. 'हे चालवणार, तुम्ही राहणार. घर कोण बघतं?' खरं सांगायचं तर आमच्याकडे गाडी मीही चालवते, पण त्या दिवशी वाद घातला नाही. वायर सोलायची, थिंबलमध्ये, म्हणजे टोकाला बसवायच्या धातूच्या टोपीत, एकही तार बाहेर न ठेवता घालायची, क्रिंपरने दाबायची, वर स्लीव्ह चढवून लायटरने आवळायची. आणि मग तुमचं ते, 'ओढा. जोर लावून ओढा. सुटायची तर आत्ता सुटू दे, घाटात नको.' माझ्या पहिल्या चार सुटल्या. पाचवी टिकली तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. इतकी शाबासकी मला ऑफिसात कधी मिळालेली नाही.

निघायच्या वेळी किल्ली हातात होती तरी तुम्ही सिलिंडरचं कपाट उघडून वाकून बघत बसलात. कपाट सुंदर, दाराला रबर, सगळीकडून बंद. कारखानदाराने हेच कौतुकाने दाखवलं होतं. तुम्ही म्हणालात, बोटीवर गॅस गळला तर तो वर जात नाही, तळाला साचतो, हवेपेक्षा जड असतो. आणि मग कुणीतरी विडी पेटवतो. ड्रिल आणून तुम्ही कपाटाच्या तळातून थेट जमिनीकडे भोक पाडलंत. वीस हजारांच्या लाकूडकामाला भोक पडताना यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आमचा गॅसचा अलार्म छताजवळ बसवलेला होता, तोही तुम्ही पायाजवळ आणायला लावलात. पैसे घेतलेत ते वायर, थिंबल आणि फ्यूजचे. मजुरीचं नाव काढलं तर तुम्ही जेटीकडे चालू लागलात.

त्यानंतर आम्ही वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळहून जयगडला उतरलो, गणपतीपुळ्यापर्यंत गेलो. पुढे उन्हाळ्यात बदामी-हंपी झालं. गाडी एकदाही अडली नाही असं म्हणणार नाही. हंपीच्या वाटेवर पाण्याचा पंप गेला आणि पाच माणसांनी दीड दिवस बाटल्यांवर काढला. पण पलंगाखालची फळी मीच उघडली, मीटर मीच लावला, पंपाच्या अर्थिंगचं थिंबल गंजलं होतं, ते मीच बदललं. मुलीने कपाटाच्या दाराच्या आत एक कॅलेंडर चिकटवलंय. मुक्कामी रोज सकाळी घरच्या बॅटरीचे व्होल्ट त्यावर लिहिते. १२.७ असेल तर नुसता आकडा, १२.२ च्या खाली गेला तर लाल पेन आणि आईला हाक. लाल पेन आतापर्यंत दोनदा लागलं, दोन्ही वेळा धाकट्याने रात्रभर पंखा चालू ठेवला होता.

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा येतोय. या वेळी रांगेत फ्रिज चालूच ठेवणार आहे, मुद्दाम. तुम्ही वर या आणि रिलेवर बोट ठेवून बघा.

चाचींना नमस्कार.

आपली,
पांढऱ्या गाडीतली ताई

ता. क. – तुम्ही पाडलेल्या भोकातून मुंग्या यायला लागल्या म्हणून त्याला बारीक जाळी लावली आहे. जाळी धुळीने बुजली तर भोक असून नसल्यासारखं, हे तुम्ही सांगायच्या आधीच सांगते. दर महिन्याला ब्रशने साफ करते.